क्षितिजा, मोटर बंद केलीस का?

टेमघरच्या त्या दुमजली घरात जिन्याखाली पाण्याची मोटर आहे. तिच्या बटनाच्या वर, भिंतीवर, दीड वर्ष एक वाक्य होतं : 'क्षितिजा, मोटर बंद केलीस का?' अक्षर टपोरं, वळणदार, दामूमास्तरांचं. शाई निळी, कापडावर खुणा करायची, कितीही धुतली तरी न जाणारी. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूससुद्धा ते वाचायचा आणि जाताजाता विचारायचा, "काय, केली का बंद?" घरात ती एक कायमची गंमतच होऊन बसली होती. फक्त दोन माणसांना तिचं हसू येत नसे. एक क्षितिजा, आणि दुसरे स्वतः दामूमास्तर.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. शाळा त्यांची आठवीतच सुटली. नारपोलीला मजीदशेठचा पॉवरलूमचा कारखाना आहे. तिथे विणून उतरलेलं कापड दिव्याच्या टेबलावरून ओढत तपासायचं, खोट दिसली की निळी खूण करायची आणि ती कोणाच्या पाळीत झाली ते ठरवायचं, हे त्यांचं काम. एका लूमवर दोन कारागीर असतात, एक दिवसपाळीचा आणि एक रातपाळीचा. खोट सापडली की दोघंही छातीवर हात ठेवून सांगणार, "मास्तर, मेरा नहीं है, उसका है." मग मास्तर चष्मा कपाळावर चढवणार, कापड नाकापाशी नेणार आणि निकाल देणार. ज्याचं नाव त्या खुणेशेजारी पडलं त्याची मजुरी कापली. त्यावर अपील नाही, कोर्टकचेरी नाही.

एकतीस वर्षांत मास्तरांचा निकाल फक्त चार वेळा चुकला. चुकला तर काय करायचं, याचीही त्या कारखान्यात रीत होती. शाई पुसता येत नाही, तेव्हा मास्तरने कारागिराच्या नावावर आडवी रेघ मारायची आणि शेजारी स्वतःचं नाव लिहायचं. म्हणजे शेठला कळावं की इथे मास्तर चुकला. चारही वेळा दामूमास्तरांनी ते केलं होतं. दाढ उपटून घेतल्यासारखं तोंड करून का होईना, पण केलं होतं.

आता त्यांच्या भावाबद्दल. रवींद्र त्यांच्याहून सात वर्षांनी धाकटा. शिकला, पदवी घेतली, एका पतपेढीत चिकटला. इस्त्रीचा शर्ट घालून तो जिन्यावरून उतरायचा तेव्हा मास्तर खालच्या ओट्यावर बसून चहा पीत असायचे, आणि त्यांची नजर आपसूक त्या शर्टाच्या कापडात खोट शोधू लागायची. भावावर माया नव्हती असं नाही. घर दोघांनी मिळून बांधलं होतं, खाली मास्तर आणि कलावती, वर रवींद्र, त्याची बायको नेत्रा आणि मुलगी क्षितिजा. पण मास्तरांच्या मनात त्रेचाळीस वर्षं एक काटा होता, आणि त्या काट्याचं नाव रेडिओ.

त्यांचे वडील रामनाथ यांनी मोठ्या हौसेने तो रेडिओ आणला होता. सहा वर्षांचा रवी ट्रंकेवर चढला, वायर ओढली आणि रेडिओ खाली येऊन फुटला. वडील घरी आले तेव्हा रवी दाराआड उभा, तोंडात मूग. दामू म्हणाला, "मी नाही, रवीनं पाडला." वडिलांनी रवीला विचारलं, तो बोललाच नाही. मग वडिलांनी दामूला बदडलं. "तू मोठा ना? आणि वर लहानग्याचं नाव घेतोस?" नुकसान भरून काढायला दिवाळीच्या सुट्टीत दामूला लूमसाठी सुताच्या कांड्या भरायच्या मशिनवर बसवला. सुट्टी संपली, रेडिओ दुरुस्त होऊन आला, पण घरात येणाऱ्या त्या चार पैशांची सवय लागली होती. दामू परत शाळेत गेलाच नाही. त्या दिवसापासून जगातली प्रत्येक खोट कोणाची हे शोधायची त्यांना खाजच लागली म्हणा ना.

दीड वर्षापूर्वीच्या मे महिन्यात मोटर जळाली. घरात पाणी चढवायच्याही दोन पाळ्या होत्या. सकाळी वरच्यांनी मोटर लावायची, संध्याकाळी खालच्यांनी. खालची टाकी रिकामी झाली आणि मोटर तशीच फिरत राहिली तर जळते, हे टेमघरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता शेजारच्या सीताबाई ओरडत आल्या, "अरं कोण हाय का घरात? जळका वास येतोय जिन्याखालून!" रवींद्र वरून धावत आला, मास्तर तेवढ्यात ड्युटीवरून परतत होते. बटन चालू, मोटर हाताला चटका बसेल इतकी तापलेली, आणि टाकीत थेंब नाही.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना बरं वाटलं होतं. मोटर जळाल्याचं दुःख होतंच, पण खोट सापडली होती, आणि ती धाकट्याच्या पाळीतली होती.

"संध्याकाळची मोटर आम्ही लावलेलीच नाही," ते म्हणाले. "कलावती दोन दिवस कल्याणला बहिणीकडे. मी आत्ता येतोय. म्हणजे सकाळच्या पाळीनं चालू ठेवली. सकाळी घरातून शेवटी कोण गेलं?"

शेवटी गेली होती क्षितिजा. वीस वर्षांची पोरगी, कॉलेज संपवून आळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेणारी. ती म्हणाली, "मोठे पप्पा, मी बंद केली होती. मला चांगलं आठवतं."

"सगळे असंच म्हणतात. रोज ऐकतो मी."

"पण मी खरंच..."

"हे बघ बाळा, मी तीस वर्षं हेच काम करतोय. मला शिकवू नकोस."

रवींद्र काही बोलला नाही. नेत्रा बोलू लागली तर त्याने तिला खुणेने गप्प केलं. सीताबाई दारात, त्यांच्या मागे आळीतल्या आणखी तीन बाया. शेवटी क्षितिजाचा आवाज बसला आणि ती म्हणाली, "झाली असेल चूक माझ्याकडून." मास्तरांनी खिशातून निळं पेन काढलं आणि भिंतीवर ते वाक्य लिहिलं. बाया हसल्या. तेही हसले. पोरगी वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने नवी मोटर आणली. पैसे तिचे स्वतःचे होते, शिकवण्यांचे. ते तिने टॅलीच्या कोर्ससाठी साठवले होते आणि त्या आठवड्यातच भरायचे होते. बॅच गेली. मग पुढच्या बॅचपर्यंत तिने पुन्हा शिकवण्या केल्या. अंजूरच्या एका गोदामाच्या ऑफिसात तिला आता नोकरी लागली, ती त्यामुळे वर्षभर उशिरा.

आणि तिसऱ्या दिवशी मास्तरांना आठवलं.

कारखान्यात लाइट गेली होती. लूम थांबले आणि एक नवा कारागीर लूमचं हँडल न पाडता तसाच चहाला निघाला. मास्तर त्याच्यावर उखडले. लूमवर येणाऱ्याला पहिला धडा हाच असतो, की लाइट गेली की आधी हँडल पाडायचं, नाहीतर लाइट आल्यावर लूम आपोआप चालू होतो आणि सत्यानाश करतो. "बत्ती गयी तो पहले बंद करना, फिर चाय को जाना! घर में भी ऐसाच छोड़ के जाता क्या?" असं म्हणता म्हणता त्यांची जीभ जड झाली.

परवा दुपारी एक वाजता ते जेवायला घरी आले होते. घरी कोणी नव्हतं. पंखा लावला, लागेना. सगळ्या घराची लाइट गेली की फक्त आपल्या मीटरची, ते बघायला त्यांनी जिन्याखालचं मोटरचं बटन दाबलं. मोटरही लागली नाही. तेवढ्यात मजीदशेठचा फोन आला, "मास्तर, टेम्पो खडा है, माल पास करना है." ते डबा न उघडताच चपला घालून निघाले. बटन तसंच चालू. किती साधी गोष्ट! ते घरी येऊन गेले होते हेच त्यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं, कारण जेवलेच नव्हते.

त्या संध्याकाळी ते घरी आले ते सांगायचं ठरवूनच. जिन्याखाली नवी मोटर घरघरत होती. वरून क्षितिजाचा आवाज आला, "मम्मी, तू ये खाली, तू बंद कर." पोरीने बटनाला हात लावणंच सोडून दिलं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. उद्या सांगू म्हणाले. उद्याचा परवा झाला. आठ दिवस गेल्यावर सांगायचं म्हणजे आठ दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं, महिना गेल्यावर महिन्याचं. लाज अशी दिवसागणिक वाढत गेली आणि त्यांनी ती गिळली.

दर रविवारी ते विहारात जायचे. पांढरा सदरा, पुढची रांग. पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. आता चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की तो आवाज खाली जाऊ लागला. हळूहळू ते मागच्या रांगेत बसू लागले. कलावतीने विचारलं, "पुढे का बसत नाही?" तर म्हणाले, "पंखा लागतो डोक्याला." झालं, आणखी एक खोटं. कारखान्यात तर त्यांची फारच पंचाईत झाली. कारागीर म्हणायचा, "मास्तर, कसम से, मैंने नहीं किया," आणि मास्तरांना क्षितिजाचा बसलेला आवाज ऐकू यायचा. शंका आली की ते खूणच करेनासे झाले. मजीदशेठने एकदा विचारलं, "काय मास्तर, नजर कमजोर झाली काय?" त्यांनी मान हलवली. ती भिंत त्यांनी दोनदा चुन्याने सारवून पाहिली, घर स्वच्छ करतोय असं दाखवून. आठ दिवसांत निळी अक्षरं पुन्हा वर आली.

गेल्या महिन्यात क्षितिजाला बघायला पाहुणे आले. शहापूरकडचे, चांगले लोक. मुलगा रेल्वेत. वर जाण्याआधी मास्तरांनी त्यांना खालीच हात जोडून जय भीम केला, चपला काढायला जागा करून दिली. मुलाचे मामा जिन्यापाशी थांबले, चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचू लागले, "क्षितिजा, मोटर बंद केलीस का?" सगळे हसले. मामा म्हणाले, "मुलगी जरा विसरभोळी दिसते. आमच्याकडे तर गॅस, गीझर सगळंच आहे हो!"

गंमतच होती ती. पण नेत्राचा चेहरा उतरला, आणि मुलाच्या आईने एकदा भिंतीकडे आणि एकदा मुलीकडे बघितलं. क्षितिजा पाण्याचा ट्रे घेऊन जिन्यात उभी होती. मास्तर तिच्यापासून दोन हातांवर. सांगायचं तर हीच वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. क्षितिजाने त्यांच्याकडे बघितलं, मग मामांकडे, आणि शांतपणे म्हणाली, "हो, ती मीच. मोटर जाळली होती मी एकदा. नवीन आणून दिली."

मास्तर पाहुण्यांसोबत वर गेले, पोहे खाल्ले, हो ला हो केलं. आपण माणूस म्हणून किती हलके आहोत हे त्या पोह्यांच्या प्रत्येक घासाला त्यांना कळत होतं. एवढ्याशा पोरीने चार लोकांत दुसऱ्याची खोट आपल्या अंगावर घेतली, आणि छप्पन्न वर्षांचा मास्तर खाली मान घालून शेंगदाणे वेचत बसला.

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. मास्तर रवींद्रला घेऊन गच्चीवर गेले. टाकीला हात टेकून उभे राहिले.

"रवी, मोटर मी जाळली होती."

रवींद्रने टाकीचं झाकण नीट बसवलं. मग म्हणाला, "माहीत आहे, दादा."

"काय?"

"सीताबाईंनी त्याच रात्री सांगितलं मला. म्हणाल्या, दुपारी तुझा दादा आला होता, लगेच गेला. आणि लाइट दुपारी नव्हती हे आमच्या पतपेढीतही माहीत होतं. समजायला काय लागतं?"

"मग बोलला का नाहीस?" मास्तरांचा आवाज चढला. आपली चूक कबूल करताना दुसऱ्यावर चिडायला मिळालं की माणसाला तेवढाच आधार वाटतो.

"रेडिओमुळे," रवींद्र म्हणाला. "तेव्हा मी बोललो नाही. तू मार खाल्लास, शाळा सोडलीस. मी सगळं शिकलो ते तुझ्या जिवावर, आणि हे कधी तोंडाने म्हटलं नाही. म्हटलं, दादाने एकदा आपल्यावर खोटा आळ घेतला तर घेऊ दे. फिटेल."

हे ऐकायला मास्तर त्रेचाळीस वर्षं थांबले होते. रवींद्रने एकदा तरी म्हणावं, रेडिओ मी पाडला होता. आता त्याने म्हटलं, आणि त्यांना काडीचंही बरं वाटलं नाही.

"फिटलं रे," ते म्हणाले. "पण आळ तुझ्यावर कुठे आला? तुझ्या माझ्या रेडिओचे पैसे पोरीने भरले."

रवींद्रने तोंड फिरवलं. चष्मा काढून तो सदऱ्याला पुसत राहिला. "तिला मी सांगितलं होतं, जाऊ दे, मोठे पप्पा आहेत," तो म्हणाला. "बाप असून सांगितलं. मला तर तुझ्याइतकंही बोलायचं तोंड नाही."

दुसरा दिवस रविवार. मास्तर विहारात गेले नाहीत. आधी सीताबाईंच्या दारात गेले आणि सांगितलं. मग त्या तीन बायांच्या दारात गेले, प्रत्येकीला वेगळं सांगितलं, चहा कोणाकडेही घेतला नाही. एक जण हसून म्हणाली, "अहो, आम्ही तर विसरलो पण!" ते म्हणाले, "मी नाही विसरलो." मग फोन लावून त्यांनी शहापूरच्या मामांना सांगितलं. मामा गडबडले, म्हणाले, "अहो, मी गंमत केली होती." मास्तर म्हणाले, "तुम्ही गंमत केलीत, पण लिहिलं मी होतं. मुलगी चोख आहे आमची. विसरभोळा तिचा मोठा बाप आहे." फोन ठेवल्यावर त्यांना घाम फुटला होता. कलावतीने सगळं ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "आणि मला शेवटी सांगताय," आणि आत गेली. तेही बरोबरच होतं.

गोदामात रविवारीही अर्धी ड्युटी असते. क्षितिजा दुपारी तीनला अंजूरहून रिक्षाने आली. जिन्याखाली मास्तर स्टुलावर उभे होते, हातात निळं पेन. भिंतीवर 'क्षितिजा' या नावावर त्यांनी एक सरळ आडवी रेघ मारली होती आणि शेजारी, त्याच टपोऱ्या अक्षरात, लिहिलं होतं 'दामू'. बाकी वाक्य तसंच. मोटर बंद केलीस का?

ती थांबली. बॅग खांद्यावरून काढली नाही. तिने वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

मास्तर स्टुलावरून उतरले. रात्रभर त्यांनी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, लाइट, फोन, मजीदशेठ, टेम्पो. त्यातलं काहीही आठवेना. "त्या दिवशी बटन मी दाबलं होतं," ते म्हणाले. "तिसऱ्याच दिवशी आठवलं मला. दीड वर्ष मी तोंड शिवून बसलो. तुझा कोर्स गेला, वर्ष गेलं. काल तू माझी अब्रू राखलीस तरी मी गप्प बसलो. माफ कर म्हणायचीसुद्धा लाज वाटते, बाळा."

क्षितिजाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने ओढणीने पुसून टाकलं. ती रागात होती, आणि तो तिचा हक्क होता. "मला वेड लागल्यासारखं झालं होतं, मोठे पप्पा," ती म्हणाली. "मला नीट आठवत होतं मी बंद केली ते. आणि तुम्ही म्हणालात नाही. मग मला माझंच खरं वाटेना. अजून ऑफिसमधून निघाले की कुलूप तीन तीनदा बघते."

पैशांचं पाकीट मास्तरांनी सदऱ्याच्या खिशात आणून ठेवलं होतं, मोटरचे आणि कोर्सचे. ते त्यांनी पुढे केलं. तिने घेतलं, नको वगैरे म्हणाली नाही, आणि बॅगेत टाकलं.

"शाई तीच आहे का?" तिने विचारलं.

"तीच."

"म्हणजे जाणार नाही."

"नाही."

तिने मान हलवली. दोन पायऱ्या चढली, मग थांबली आणि परत खाली उतरली. आज सकाळी कोणी मोटर लावली नव्हती, वरची टाकी रिकामी होती. दीड वर्षात पहिल्यांदा तिने हात वर केला आणि बटन दाबलं. मोटर घरघरू लागली.

"बंद तुम्ही करा," ती म्हणाली आणि वर गेली.

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि बटनासमोर बसले. कलावतीने जेवायला हाक मारली, त्यांनी "आलो" म्हटलं आणि उठले नाहीत. टाकी भरायला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ ते आपल्याच अक्षरातलं आपलं नाव बघत तिथे बसून राहिले.